कॉम्प्युटर गेलाय म्हणे!

आमच्या सोसायटीतल्या काकांनी एक कागद माझ्या हातात दिला. एका गॅरेजचं एस्टिमेट होतं. त्यात कामाची ओळ एकच, 'इंजिन कंट्रोल युनिट बदलणे', आणि पुढचा आकडा असा की काकांनी गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा मोजलेल्या पैशांच्या जवळपास निम्मा. गाडी २००७ ची, जर्मन, पेट्रोल, चार सिलिंडरची. आत अजून चामड्याचा वास येतो, दार लावलं की जुन्या गोदरेजच्या कपाटासारखा आवाज येतो, आणि काकांचा तिच्यावर जीव.

"कॉम्प्युटर गेलाय म्हणे," काका म्हणाले. "तू इलेक्ट्रॉनिक्सवाला ना, बघ जरा."

तक्रारी अशा होत्या: चेक इंजिनचा दिवा दोन महिन्यांपासून लागलेला. सिग्नलला उभी राहिली की गाडी मिसिंग मारते. पेट्रोल जास्त पिते. आणि पावसाळा सुरू झाल्यापासून अधूनमधून पिकअपच घेत नाही, चाळीसच्या वर जायला तयार नाही. गॅरेजने आधी एक सेन्सर बदलला, मग ठिणगीला वीज देणाऱ्या दोन कॉइल बदलल्या, आणि काहीच फरक पडेना तेव्हा निदान केलं, की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला.

हे 'तेव्हा' महत्त्वाचं आहे. जुन्या महागड्या गाड्यांत कॉम्प्युटरवर आळ बहुतेक वेळा असाच येतो, बाकीचं बदलून झाल्यावर. प्रत्यक्षात इंजिनचा कॉम्प्युटर हा त्या बॉनेटखालच्या सगळ्यात टिकाऊ भागांपैकी एक असतो. त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या वायरी, त्या जोडणारे कपलर, अर्थची जोडणी, बॅटरी आणि सेन्सर हे सगळे त्याच्या कितीतरी आधी म्हातारे होतात. म्हणून आधी तो करतो काय, ते बघू.

बंद खोलीतला राजा

ईसीएम म्हणा, ईसीयू म्हणा, ही ॲल्युमिनियमची एक चपटी डबी असते. तिला ना इंजिन दिसतं, ना ऐकू येतं. तिची अवस्था धृतराष्ट्रासारखी: युद्ध तिकडे कुरुक्षेत्रावर चाललंय, हा महालात बसलाय, आणि संजय सांगेल ते खरं. फरक एवढाच की इथे संजय एक नाही, पंधरा-वीस आहेत. एक सांगतो हवा किती आत आली, एक सांगतो पाणी किती तापलं, एक सांगतो ॲक्सिलरेटर किती दाबलाय.

यांतला सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे क्रँक सेन्सर. इंजिनच्या फिरत्या दांड्यावर दात असलेलं एक चाक असतं. बऱ्याच जर्मन इंजिनांत त्यावर साठ दातांची जागा असते पण दात अठ्ठावन्नच असतात, दोन मुद्दाम गाळलेले. ती फट सेन्सरसमोरून गेली की कॉम्प्युटरला कळतं, फेरा इथून सुरू झाला. मग दात मोजत मोजत तो ठरवतो की आता ठिणगी टाकायची, आता पेट्रोलचा फवारा मारायचा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीची वेळ वेगळी मोजलेली.

क्रँक सेन्सर गेला की गाडी सेल्फ घेते पण चालू होत नाही. अर्धवट गेला असेल तर आणखी गंमत. गाडी गरम झाली की हायवेवर गपकन बंद पडते, अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं, चहा पिऊन आलात, की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. सेन्सरच्या आतली बारीक तार तापली की तुटते आणि गार झाली की परत जुळते. 'गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू' हे ऐकलं की जुना वायरमन आधी तिकडेच हात घालतो.

दुसरा महत्त्वाचा संजय म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे हा सेन्सर सांगतो. जास्त उरला तर पेट्रोल कमी पडलं, काहीच उरला नाही तर पेट्रोल जास्त झालं. त्यावरून कॉम्प्युटर पुढच्या फवाऱ्यात थोडी भर टाकतो किंवा थोडी काटछाट करतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र म्हणजे स्कॅनर; त्यावर ती टक्क्यांत दिसते, आणि स्कॅनरवरच्या सगळ्या आकड्यांतला हा माझा सर्वांत लाडका. त्याच्याकडे परत येऊ.

कोड ही तक्रार असते, निकाल नसतो

अमेरिकेत १९९६ पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक कारमध्ये एकाच पद्धतीचं सोळा पिनांचं सॉकेट आणि एकाच पद्धतीचे एरर कोड सक्तीचे झाले. युरोपात पेट्रोल गाड्यांना हे २००१ पासून लागू झालं. आपल्याकडे बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांबरोबर २०१० पासून पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा आला. पण जर्मन कंपन्यांची जुनी मॉडेलं जगभर सारखीच बनत असल्यामुळे आपल्या रस्त्यावरच्या २००४-०५ च्या गाड्यांतही स्टिअरिंगखाली हे सॉकेट सापडतं.

कोड वाचणं सोपं आहे. पहिलं अक्षर 'पी' असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, 'सी' म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन, 'बी' म्हणजे बॉडी, आणि 'यू' म्हणजे कॉम्प्युटरांचं आपसात बोलणं बंद. त्यानंतर शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. स्वस्तातला ब्लूटूथ डाँगल शून्यवाले कोड नीट वाचतो, पण कंपनीच्या कोडपाशी आला की गोंधळतो किंवा चक्क भलताच अर्थ सांगतो. महागड्या गाडीत खरी माहिती बरेचदा त्या दुसऱ्या प्रकारच्या कोडमध्ये असते, त्यामुळे त्या कंपनीसाठीचं सॉफ्टवेअर असलेला माणूस शोधावाच लागतो.

पण कोड म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. कॉम्प्युटर वायरीवरचा व्होल्टेज बघतो. बरेचसे सेन्सर पाच व्होल्टवर चालतात आणि निरोगी सेन्सर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या मध्ये बोलतो. शून्य आलं, कॉम्प्युटर लिहितो 'सिग्नल कमी'. पाच आला, लिहितो 'सिग्नल जास्त'. सेन्सर मेला, वायर तुटली, कपलर गंजला की उंदराने कुरतडलं, त्याला काय माहीत? त्याच्यापर्यंत पोचला तो फक्त एक आकडा. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणून सेन्सर बदलणं म्हणजे 'फोन लागत नाही' अशी तक्रार आली म्हणून फोन बदलण्यासारखं. टॉवर पडलाय का ते कोण बघणार?

एक गंमत स्वतः करून बघता येते. इंजिनच्या पाण्याचा तापमान सेन्सर काढा आणि स्कॅनरवर बघा: बहुतेक गाड्यांत उणे ४० अंश दिसेल. पुण्यात मे महिन्यात! कपलरच्या दोन पिना तारेने जोडल्या की तोच आकडा १४०च्या आसपास जाईल. म्हणजे उणे ४० दिसलं तर वायर किंवा कपलर तुटलाय, भलतंच जास्त दिसलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. आणि आता खरी युक्ती. कपलर काढल्यावर उणे ४० आणि पिना जोडल्यावर १४० असे दोन्ही आकडे आले, तर कॉम्प्युटर आणि तिथपर्यंतची वायर दोन्ही ठणठणीत आहेत हे एका मिनिटात, एका तारेच्या तुकड्याने सिद्ध झालं. लाखाचं एस्टिमेट खोडून काढायला कधी कधी एवढं पुरतं. (हे फक्त तापमानाच्या दोन वायरींच्या सेन्सरवर. बाकी कुठल्याही कपलरमध्ये तार खुपसू नका, खरोखरच कॉम्प्युटर जाईल.)

पहाटे गाडी रात्रभर उभी असताना, चालू न करता, नुसती चावी फिरवून पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघावं. दोन्ही बाहेरच्या हवेइतकी असायला हवीत. एक २४ आणि दुसरा ४१ म्हणत असेल तर एक संजय खोटं बोलतोय, आणि अजून इतकं मोठं खोटं बोललेला नाही की कोड यावा.

कोडबरोबर कॉम्प्युटर एक 'फ्रीझ फ्रेम'ही ठेवतो. दोष नोंदला त्या क्षणी वेग किती, इंजिन किती गरम, लोड किती होता याचा फोटोच म्हणा. गॅरेजवाले पहिलं काम काय करतात? कोड डिलीट. दिवा गेला, गिऱ्हाईक खूश, आणि तो फोटोही गेला. कोड आधी मोबाइलवर टिपून घ्या, फ्रीझ फ्रेमचाही फोटो काढा, आणि मगच कुणाला हात लावू द्या. हे मी काकांना सांगितलं तोवर तीनदा डिलीट झालं होतं.

बॅटरी आणि अर्थ: कंटाळवाणं पण खरं

आता ज्या कामाला कुणाला उत्साह नसतो ते. एकदम दहा-बारा कोड दिसले, इंजिनचे, गिअरबॉक्सचे, एअरबॅगचे, सगळे एकत्र, तर गाडीतले बारा भाग एका रात्रीत मेलेले नसतात. विजेचा पुरवठा डळमळलेला असतो.

गाडी काही तास बंद ठेवून बॅटरीवर मीटर लावला की १२.६ च्या आसपास हवं. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. नव्या हुशार चार्जिंगच्या गाड्यांत हे खालीवर होतं, पण जुनीत एवढं यायलाच पाहिजे. आणि सेल्फ मारताना आकडा दहाच्या फार खाली जाता कामा नये. तो नऊ, साडेआठ असा कोसळला की त्या क्षणापुरता कॉम्प्युटर गुंगीत जातो, आणि शुद्धीवर आल्यावर बाकीच्या कॉम्प्युटरांशी बोलणं तुटल्याचे 'यू'वाले कोड लिहून ठेवतो. पाच वर्षांची बॅटरी, त्यात गाडी आठवड्यातून एकदा देवळापर्यंत जाणारी. अशा गाडीत मी स्कॅनर लावायच्या आधी बॅटरी बदलायला सांगतो.

अर्थचं प्रकरण थोडं फसवं. इंजिन रबराच्या माउंटवर बसलेलं असतं, म्हणजे गाडीच्या शरीराशी त्याचा विजेचा संबंध फक्त एका जाड पट्टीने. वीस वर्षांत ती पट्टी आतून हिरवी होते. आता वायरमन काय करतो? मीटरचा बीप आवाज लावून बघतो. बीप वाजला, म्हणजे अर्थ चांगला! पण शंभर तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतोच. गावाकडची विहिरीवरची मोटर आठवा. वायर बारीक असेल तर टेस्टर लावला की दिवा लागतो, मोटर मात्र गुरगुरत बसते. लोड पडल्यावरच खरं कळतं.

म्हणून मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर तो अर्धा व्होल्ट सगळ्या सेन्सरांच्या बोलण्यात मिसळतोय. कॉम्प्युटरच्या कपलरमधल्या पुरवठ्याच्या वायरीही अशाच तपासतात: मीटरने नाही, इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बने. बल्ब पूर्ण पांढरा पेटला तर पुरवठा खरा. पिवळट, मरतुकडा पेटला तर मीटर १२ व्होल्ट दाखवत असला तरी तो पुरवठा खोटा आहे.

पाणी, उंदीर आणि बाकीचे पाहुणे

बऱ्याच जर्मन गाड्यांत कॉम्प्युटर काचेच्या खाली, वायपरच्या शेजारी एका पेटीत बसवलेला असतो. कल्पना चांगली, इंजिनच्या उष्णतेपासून दूर. पण काचेवरचं सगळं पाणी तिथूनच वाहून जातं आणि त्याला जायला दोन छोटी भोकं असतात. गुलमोहराखाली उभ्या केलेल्या गाडीत ती बारीक पानं त्या भोकांत बूच बसवल्यासारखी बसतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे तळं होतं, पेटीचं रबर वीस वर्षांत कडक झालेलं असतं, आणि मग पाणी आत. पावसाळ्याच्या आधी ती भोकं मोकळी करणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि मला विचाराल तर हजारो रुपयांच्या कोटिंग-पॉलिशपेक्षा जास्त मोलाचं.

इंजिन वॉश हा दुसरा शत्रू. प्रेशरच्या पाण्याने इंजिन चकचकीत करून मिळतं आणि दोन दिवसांनी गाडी मिसिंग मारू लागते. वीस वर्षांच्या कपलरची रबरं तो मारा सहन करत नाहीत. उंदरांबद्दल वेगळं लिहायला नको, मुंबई-पुण्यात गाडी चार दिवस उभी ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो अनुभव आहे.

कधी कधी वायर आपली आपणच मरते. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात मर्सिडीजच्या बऱ्याच मॉडेलांच्या इंजिन हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर, असं आवरण होतं जे उष्णतेने ठिसूळ होऊन बिस्किटासारखं तुटून पडायचं. उघड्या तारा एकमेकींना लागल्या की कॉम्प्युटर वेड्यासारखे कोड टाकायचा, आणि कधी शॉर्टमुळे तो स्वतःही जायचा. पिंपरीला टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात ई-क्लास जुळवायला सुरुवात झाली ती १९९५ मध्ये. त्या काळातली एखादी मर्सिडीज कुणी हौसेने घेत असेल तर रंग, चामडं, किलोमीटर नंतर बघा. आधी विचारा, हार्नेस बदललाय का?

आणखी एक पाहुणा आहे, तेल. त्याच्यापाशी आलो की काकांची गाडी परत येते.

काळा प्लग

फ्युएल ट्रिमकडे परत येतो म्हणालो होतो. निरोगी गाडीत हा आकडा शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे आठ-दहा टक्के असतो. अधिक म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतोय. अधिक पंचवीसला पोचला की तो 'मिश्रण पातळ आहे, माझ्याच्याने होत नाही' असं म्हणून कोड टाकतो: पी ०१७१. हा कोड आला की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात. पण आकडा कधी वाढतो ते बघितलं की कारण स्वतःच पुढे येतं. गाडी जागेवर उभी असताना जास्त आणि रेस केल्यावर कमी होत असेल तर कुठूनतरी चोरून हवा आत जातेय: फाटका पाइप, तडकलेली गॅस्केट. उभी असताना हवा मुळात कमी लागते, म्हणून चोरीची हवा तेव्हा जास्त जाणवते. उलट घाट चढताना आकडा वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही: पंप दमलाय नाही तर फिल्टर चोंदलाय.

काकांच्या गाडीत अधिक २२ होता. उभी असतानाही, रेस केल्यावरही, कायम. चोरीची हवा नाही, पंपही नाही. कॉम्प्युटर नेहमीपेक्षा एक पंचमांशाहून जास्त पेट्रोल ओतत होता आणि तरीही ऑक्सिजन सेन्सर म्हणत होता, कमी आहे, अजून टाक.

मी एक स्पार्क प्लग काढला. काळा कुळकुळीत, काजळीने भरलेला, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखा. आता गोष्ट मजेशीर झाली. कॉम्प्युटर म्हणतोय पेट्रोल कमी, प्लग म्हणतोय पेट्रोल जास्त. प्लगला खोटं बोलता येत नाही. म्हणजे खोटं बोलतोय तो ऑक्सिजन सेन्सर. पण तो तर नवा, गॅरेजने दोन महिन्यांपूर्वीच बसवलेला.

मी त्या सेन्सरचा कपलर उघडला. पांढरा टिश्यू पेपर लावला. तो तपकिरी झाला. तेल. सेन्सर बसतो सायलेन्सरच्या पाइपवर, कपलर तिथून हातभर लांब, आजूबाजूला तेलाचा थेंब नाही. तेल वायरीच्या आतून आलं होतं.

हे ऐकून काकांनी माझ्याकडे बघितलं ते अशा नजरेने की यापेक्षा गॅरेजवाला बरा. पण हे खरंच होतं. काही इंजिनांच्या पुढच्या बाजूला, कॅमशाफ्टची, म्हणजे इंजिनच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याची, वेळ बदलणारं एक चुंबक असतं. त्याच्या आत इंजिन ऑइल असतं आणि वरून वायर जाते. चुंबकाचं सील म्हातारं झालं की तेल कपलरमध्ये शिरतं, आणि तिथून तांब्याच्या बारीक तारांच्या मधल्या फटींतून, समईच्या वातीत तेल चढतं तसं, वायरीच्या आवरणाच्या आतल्या आत प्रवास करतं. बाहेरून काहीही दिसत नाही. महिने लागतात, वर्षं लागतात, पण ते हार्नेसभर पसरतं आणि शेवटी कॉम्प्युटरच्या कपलरपर्यंत पोचतं.

आणि ऑक्सिजन सेन्सरला याचा त्रास का व्हावा? कारण त्या प्रकारच्या सेन्सरला धुरातला ऑक्सिजन मोजायला तुलनेसाठी बाहेरची ताजी हवा लागते, आणि ती तो घेतो आपल्याच वायरीतल्या तारांच्या फटींतून. सेन्सर वायरीतून श्वास घेतो म्हणा ना. (म्हणूनच जाणकार माणूस या वायरीला मध्येच डाख देत नाही, त्याने तो मार्ग बुजतो.) वायरीत तेल भरलं की ताजी हवा बंद, तुलनेचा आकडा बिघडतो, व्होल्टेज खाली येतं, आणि कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडतंय. तो बिचारा ओतत राहतो. नवा सेन्सर बसवला तरी चार आठवड्यांत त्याच वायरीतून तेच तेल त्याच्याही गळ्यापर्यंत.

शेवटी कॉम्प्युटरचा मोठा कपलर उघडला. खटका दाबून दांडी फिरवली की तो अलगद सुटतो. आत पिनांच्या एका कोपऱ्यात मधासारखा तेलाचा थर चमकत होता, आणि त्यावर पावसाळ्याच्या ओलाव्याने बारीक बुडबुडे धरलेले. पाऊस आला की गाडी का रुसते, त्याचा खुलासा तिथे होता.

खरंच गेला असेल तर

कॉम्प्युटर कधीच जात नाही असं नाही. आतले कपॅसिटर वाळतात, वर्षानुवर्षं तापून-गार होऊन डाखाला बारीक चीर जाते, पाणी आत जाऊन बोर्ड हिरवा पडतो. एखादी कॉइल आतून शॉर्ट होते आणि तिला चालवणारा कॉम्प्युटरमधला ट्रान्झिस्टर जाळते. हे शेवटचं फार महागात पडतं: कॉइल न बदलता नवा कॉम्प्युटर बसवला की तोही जळतो, त्याच दिवशी.

कॉम्प्युटर खरंच गेलाय असं मी कधी म्हणेन? पुरवठा बल्बने तपासून चांगला, अर्थ चांगला, आणि तरीही सेन्सरना जाणारे पाच व्होल्ट नाहीत. तेव्हाही आधी सेन्सर एकेक करून काढून बघायचे, कारण पाच व्होल्टची एकच तार तीन-चार सेन्सरना मिळून जाते आणि त्यातला एक शॉर्ट झाला की सगळे मुके होतात. एखादा कपलर काढताक्षणी पाच व्होल्ट परत आले तर चोर सापडला. सगळे काढूनही आले नाहीत, तर मग डबी उघडायची.

कॉम्प्युटर कुणाशी बोलतच नाही अशी तक्रार असेल तर अजून एक तपासणी. गाडीतले कॉम्प्युटर कॅन नावाच्या दोन वायरींच्या जोडीवर बोलतात. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन मिळून मीटरवर ६० दिसतात. बॅटरी काढून मोजायचं. १२० दिसले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ दिसले तर दोन्ही वायरी कुठेतरी चिकटल्यात. मात्र स्टिअरिंगखालच्या सॉकेटवर इंजिनची ही जोडी थेट येते असं प्रत्येक गाडीत नसतं, मध्ये दुसरा कॉम्प्युटर द्वारपाल म्हणून बसलेला असतो. डायग्राम बघूनच मीटर लावा.

आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा दिल्लीच्या मायापुरीतून स्वस्तात जुना कॉम्प्युटर आणायचा बेत असेल तर जरा थांबा. त्यात दुसऱ्या गाडीची ओळख भरलेली असते. तुमची चावी तो ओळखणार नाही, सेल्फ फिरेल पण इंजिन चालू होणार नाही. मूळ डबीतली माहिती नव्यात उतरवणारा माणूस लागतो, म्हणून जुनी डबी कुठेही 'एक्स्चेंज'मध्ये देऊन टाकू नका. बरेचदा तीच डबी बोर्ड दुरुस्त करून, मूळ ओळखीसकट परत चालते, आणि तेच सगळ्यात शहाणपणाचं काम.

काकांच्या डबीला त्यातलं काहीच लागलं नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरने कपलर तीनदा धुतला, एक रात्र उलटा टांगून ठेवला, तेल निथळू दिलं. कॅमशाफ्टचं चुंबक नवं घातलं. त्याच्या आणि मूळ हार्नेसच्या मध्ये एक वीतभर जोडवायर घातली, म्हणजे पुन्हा सील गळलं तर तेल आधी तिथे अडेल. ऑक्सिजन सेन्सर परत बदलावा लागला, त्याचा मात्र इलाज नव्हता, आणि त्याच्यापर्यंत जाणारी वायरही. सगळं मिळून खर्च त्या एस्टिमेटच्या आठव्या हिश्श्याच्या आत आला. पैकी निम्मे पैसे सेन्सरचे.

कोड डिलीट केल्यावर गाडीला लगेच पास म्हणता येत नाही. कॉम्प्युटर आपल्या सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून करतो, त्याला थंड इंजिन, गरम इंजिन, शहर, हायवे असं सगळं लागतं. काकांना मी सांगितलं, आठवडाभर नेहमीसारखी चालवा, एकदा लोणावळ्यापर्यंत जाऊन या. आठव्या दिवशी स्कॅनर लावला. तपासण्या पूर्ण, कोड नाही, ट्रिम अधिक ३.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी आम्ही तो मोठा कपलर उघडतो आणि कोपऱ्यात पांढरा टिश्यू फिरवतो. पहिल्या खेपेला फिकट पिवळा निघाला, वायरीत राहिलेलं जुनं तेल. परवाच्या खेपेला कोरा निघाला. काकांनी तो टिश्यू घडी घालून गाडीच्या सर्व्हिस बुकात ठेवला आहे.